मोटारसायकल तापते तेव्हा आधी टाकी पाहावी

मोटारसायकल तापू लागली की गॅरेजमध्ये ठरलेल्या क्रमाने कामाला सुरुवात होते. आधी इंजिन ऑइल बदलले जाते, मग टॅपेट जुळवले जातात, मग क्लच प्लेटांवर संशय घेतला जातो आणि तरीही उष्णता कमी झाली नाही तर हेड उतरवून पिस्टन-रिंगांपर्यंत हात जातो. पेट्रोलची टाकी या क्रमात बहुधा शेवटी येते, कित्येकदा येतच नाही. वास्तविक टाकीत साचलेले पाणी, सुटलेला गंज, शिळ्या पेट्रोलचा चिकटा किंवा पेट्रोलमधली भेसळ यांपैकी कोणतीही गोष्ट धडधाकट इंजिनाला पिस्टन चिकटेपर्यंत तापवू शकते. तिचा शोध घ्यायला इंजिन खोलावे लागत नाही. काचेची बाटली, स्क्रू-ड्रायव्हर आणि तासाभराची सवड पुरते. म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करून खाली इंजिनाकडे यावी. पुढचे विवेचन मुख्यतः हवेने थंड होणाऱ्या, 100 ते 150 सीसीच्या, कार्बोरेटर असलेल्या गाड्यांना धरून आहे. गावोगावच्या रस्त्यांवर अशा गाड्या आजही मोठ्या संख्येने धावतात आणि हा दोष त्यांच्यातच जास्त आढळतो.

इंजिन तापते म्हणजे त्यात जास्त पेट्रोल जळते, असा सार्वत्रिक समज आहे. टाकीतल्या घाणीमुळे होणारा ताप बहुधा याच्या उलट असतो. पेट्रोल कमी पडते, म्हणून इंजिन तापते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. पण चढावर किंवा ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला असताना कार्बोरेटर मुद्दाम थोडे जास्त पेट्रोल सोडतो, एका भागाला साडेबारा-तेरा भाग हवा या बेताने. हे जादा पेट्रोल वाया जात नाही. त्याची वाफ होताना ते आतली उष्णता शोषून घेते आणि ज्वालेचे तापमान आटोक्यात ठेवते. ज्या इंजिनाला रेडिएटर नाही, त्याला फिन्सवरून वाहणारा वारा, आतले ऑइल आणि हे जादा पेट्रोल एवढाच आधार असतो. वाटेत कुठेतरी घाण अडकून पेट्रोलचा हिस्सा घटला, की यातला तिसरा आधार निघून जातो. गॅरेजच्या भाषेत मिश्रण ‘लीन’ होते, म्हणजे विरळ होते.

विरळ मिश्रणाचे दोन परिणाम होतात. ते जास्त विरळ होत गेले की सावकाश जळते, त्यामुळे पिस्टन खाली गेल्यावरही ज्वाला रेंगाळते आणि सिलिंडरची भिंत, बाहेरच्या बाजूची झडप आणि सायलेन्सरचा बेंड यांच्यावर उष्णतेचा भार वाढतो. दुसरा परिणाम जास्त घातक असतो. तापलेल्या कक्षात मिश्रणाचा उरलेला भाग प्लगच्या ज्वालेची वाट न पाहता एकदम पेटतो आणि इंजिन ठोकू लागते. पिस्टनच्या माथ्यावर वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो. तो एरवी धातूचे रक्षण करतो. ठोक्यांच्या दाबलहरी हा थर फोडतात. ज्वालेचे तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्या वर असते आणि पिस्टन ज्याचा असतो ते ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, एवढे ध्यानात घेतले की त्या थराचे मोल कळते.

इथे एक बारकावा निदानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पेट्रोल अगदीच कमी पडले तर मिश्रण पेटतच नाही. इंजिन मिसिंग मारते, ताकद सोडते आणि बंद पडते. अशी गाडी ढकलत न्यावी लागते, पण तिचे इंजिन वाचते. धोका अर्धवट तुंबलेल्या गाडीला असतो. ती चालत राहते, जवळपास नेहमीसारखीच चालते, आणि आतून भाजत जाते.

इंजिनाला मुळात किती पेट्रोल लागते, याचा हिशेब केला की अर्धवट तुंबणे इतके दिवस लपून का राहते ते उलगडते. लिटरला 50 किलोमीटर देणारी गाडी ताशी 60 च्या वेगाने धावताना तासाला 1.2 लिटर पेट्रोल पिते. म्हणजे मिनिटाला 20 मिलिलिटर, जेमतेम चार चहाचे चमचे. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते. त्या हिशेबाने या चार चमच्यांतून दहा किलोवॅटच्या वर ऊर्जा मिळते, घरातले दोन किलोवॅटचे पाच गिझर एकाच वेळी लावल्यासारखी. त्यातली पाव हिस्सा ऊर्जा चाकाकडे जाते आणि बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. सपाट रस्त्यावर चार चमचे पुरतात, म्हणून निम्मी तुंबलेली जाळीही ते काम निभावून नेते. घाट लागला की हीच मागणी दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. वेग मंदावलेला असल्याने फिन्सवरचा वाराही कमी असतो. गावात कधी न तापणारी गाडी कसारा किंवा खंबाटकी चढताना तापते ती यामुळे. ‘फक्त घाटातच तापते’ ही तक्रार ऐकली की इंजिनाच्या आधी पेट्रोलची वाट तपासावी.

ही वाट साधी आहे. टाकीच्या झाकणात हवा आत घेणारे बारीक छिद्र असते. टाकीच्या तळाला पेट्रोल कॉक आणि त्यावर जाळी असते. कॉकमधून दोन नळ्या वर टाकीत जातात. उंच नळी नेहमीच्या पुरवठ्याची आणि आखूड, तळाजवळची नळी रिझर्व्हची. कॉकमधून रबरी पाइप कार्बोरेटरच्या वाटीत येतो. वाटीतला फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो आणि तिथून मुख्य जेट व स्लो जेट पेट्रोल वर ओढतात. मुख्य जेटचे भोक एक मिलिमीटरच्या आसपास असते. स्लो जेटचे त्याच्या निम्म्याहूनही बारीक. एक मिलिमीटरच्या भोकावर आतून चिकट्याचा नुसता लेप बसून ते 0.9 मिलिमीटर झाले, तर वाट सुमारे 19 टक्क्यांनी आकसते. डोळ्यांना तो फरक दिसतही नाही. इंजिनाला मात्र तो तापवायला पुरेसा असतो.

टाकीतल्या घाणीत पहिला मान पाण्याचा. दमट हवेतून टाकीत दव जमते आणि त्याचे पाणी होते, असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण त्याला अवास्तव महत्त्व दिले जाते. तीस अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे सुमारे 30 ग्रॅम वाफ असते. रिकाम्या दहा लिटरच्या टाकीतली हवा रात्रीत वीस अंशांपर्यंत थंड झाली तरी दोन-तीन थेंबच पाणी सुटते. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत अशी भर पडत जाते आणि वरचा उघडा पत्रा गंजतो, हे खरे. पण बाटलीभर पाणी टाकीत सापडले तर ते दवाचे नसते. बहुतेक वेळा ते झाकणातून आलेले असते. अनेक गाड्यांचे झाकण टाकीत खोलगट बसवलेले असते आणि त्या खळग्यातले पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून एक बारीक नळी टाकीच्या आतून खाली काढलेली असते. तिचे तोंड चिखलाने किंवा कोळ्याच्या जाळ्याने बंद झाले, की खळगा भरतो आणि पाणी झाकणाच्या जुन्या रबरामागून आत झिरपते. कोकणातल्या पावसात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीला एक रात्र पुरते. वॉशिंग सेंटरमध्ये झाकणावर थेट धरलेला पाण्याचा जोरदार फवाराही तेच करतो. तिसरी वाट पंपाच्या जमिनीखालच्या टाकीची. पावसाळ्यात तिथे पाणी शिरले तर एकाच दिवशी अनेक गाड्या बंद पडतात, आणि तीच त्याची खूण असते.

पेट्रोलपेक्षा पाणी जड असते. भारतातल्या पेट्रोलची घनता लिटरला 720 ते 775 ग्रॅमच्या दरम्यान असते, पाण्याची सुमारे 1000. म्हणून पाणी तळाशी बसते, नेमके रिझर्व्हच्या नळीपाशी. मिसळलेले पाणी इंजिनात जाऊन इंजिन तापवते, असे मात्र नाही; पाण्याची वाफ उलट थंडावा देते. पाण्याचा त्रास वेगळा असतो. त्याचा थेंब जेटच्या तोंडाशी अडकून पेट्रोलची वाट अडवतो, टाकीचा पत्रा आणि वाटी गंजवतो, आणि आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओढून घेतो.

हा इथेनॉलचा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा देशातला सुरुवातीचा प्रयोग 2001 साली झाला आणि त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांत मिरज आणि मनमाड होती. 2003 मध्ये पाच टक्के मिश्रणाला महाराष्ट्र आणि गोव्यासह नऊ राज्यांत सुरुवात झाली, 2022 मध्ये प्रमाण दहा टक्क्यांवर गेले आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल पाण्यात सहज मिसळते. त्यामुळे थोडे पाणी पेट्रोलमध्ये विरघळून जळूनही जाते, ही त्याची जमेची बाजू. दहा टक्के मिश्रणात लिटरमागे सुमारे पाच मिलिलिटर पाणी असे राहू शकते, वीस टक्क्यांत त्याहून अधिक. पण ही मर्यादा ओलांडली किंवा गारठ्याने ती खाली आली, की पाणी इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसते. मग टाकीत दोन थर होतात. वरच्या पेट्रोलमधले इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेन अंक घसरतो आणि इंजिन ठोकू लागते. खालचा थर कॉकमधून आला तर इंजिन चालतच नाही. म्हणजे एकाच टाकीतून एकदा ठोकणारे आणि एकदा न पेटणारे इंधन मिळते, आणि गाडीचा स्वभाव रोज बदलतो.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने वीस टक्के मिश्रण जळायला किलोमागे सुमारे साडेतेरा किलो हवाच पुरते. शुद्ध पेट्रोलसाठी जेट ठरवलेल्या जुन्या कार्बोरेटरमध्ये तेच मिश्रण आठेक टक्क्यांनी विरळ पडते. ही घाण नव्हे, दोषही नव्हे. पण जुन्या गाडीत विरळपणाची इतकी सुरुवात आधीच झालेली असते आणि त्यावर जेटमधल्या चिकट्याची भर पडते. शिवाय इथेनॉल वर्षानुवर्षांचा चिकटा सैल करून पुढे ढकलते आणि काही जुन्या रबरी भागांना फुगवते. जुन्या गाडीला नवे पेट्रोल मिळू लागल्यावर काही महिन्यांत जाळी भरण्याचे कारण बहुधा हेच असते.

गंजाचे कण जाळीतून गाळले जातात, असे मानण्यात अर्थ नाही. मोठे पापुद्रे अडतात आणि जाळी बुजवतात. पिठासारखी तांबूस पूड आरपार जाऊन वाटीच्या तळाशी बसते. शिळ्या पेट्रोलचा मामला निराळा. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, उरलेल्यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन राळेसारखा चिकटा तयार होतो आणि जेटच्या भोकांवर चढतो. गावाकडे ठेवलेली, फक्त सणासुदीला बाहेर निघणारी गाडी या दोषाचे हमखास उदाहरण ठरते.

भेसळ हा या यादीतला सर्वांत गंभीर विषय. त्यात जेट तुंबत नाही. इंधनच बिघडलेले असते. रॉकेलचा ऑक्टेन अंक पेट्रोलच्या तुलनेत फारच कमी असतो, त्यामुळे इंजिन ठोकते आणि तापते. न जळलेले रॉकेल रिंगांच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते, म्हणजे थंडाव्याचा दुसरा आधारही कमकुवत होतो. महाराष्ट्राने या धंद्याची किंमत फार मोठी मोजली आहे. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ इंधन भेसळीची तपासणी करताना जिवंत जाळण्यात आले.

आता लक्षणे. टाकीतल्या घाणीमुळे तापणारी गाडी सकाळी, थंड असताना बरी चालते. जोर लावल्यावर झटके देते, पिकअप घेताना खोकते, ॲक्सिलरेटर अर्ध्यावर आणला की सावरते. ॲक्सिलरेटर एकदम सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाक्यासारखे आवाज येतात. बेंड पाइप निळसर-जांभळा पडू लागतो. गाडी बंद पडल्यावर पाच-दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होते, आणि मालकाला वाटते की इंजिन थंड झाले म्हणून ती सुरू झाली. पुष्कळदा खरे कारण असे असते, की त्या वेळात पेट्रोल थेंबथेंब गळत जाऊन वाटी पुन्हा भरलेली असते. वाटीत मिनिट-दोन मिनिटांपुरतेच पेट्रोल मावते, म्हणून किलोमीटरभर गेले की गाडी पुन्हा अडते. रिझर्व्हवर घेतल्यावरच त्रास वाढत असेल, तर तळाशी पाणी किंवा गाळ आहे हे जवळजवळ ठरल्यासारखेच.

टाकीला दोष देण्यापूर्वी काही साध्या गोष्टी मात्र पाहून घ्याव्यात. ऑइलची पातळी, फिन्समध्ये बसलेला चिखल, घट्ट अडकलेला ब्रेक, घसरणारा क्लच आणि कार्बोरेटर व इंजिन यांच्यामधल्या रबरी मॅनिफोल्डला गेलेला तडा यांचा उलगडा दहा मिनिटांत होतो. मॅनिफोल्डमधून बाहेरची हवा शिरली तरी मिश्रण विरळ होते आणि लक्षणे हुबेहूब तीच दिसतात. फरक इतकाच, की हवेची गळती मंद गतीवर जास्त जाणवते आणि पेट्रोलची टंचाई पूर्ण जोरावर.

पहिली चाचणी झाकणाची. गाडी झटके देऊ लागली की सुरक्षित जागी थांबवून टाकीचे झाकण उघडावे. आत हवा शिरल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच नीट चालू लागली, तर हवेचे छिद्र बुजले आहे. पेट्रोल खाली उतरताना मागे पोकळी तयार होते आणि प्रवाह थांबतो. सगळ्यांत स्वस्त दोष हाच, पण पिस्टन चिकटवण्याची क्षमता त्यातही आहे.

दुसरी चाचणी चोकची. जोरावर चालताना गाडी ढेपाळली की चोक थोडा ओढावा. चोकमुळे हवा घटते किंवा पेट्रोलचे प्रमाण वाढते. अशा वेळी इंजिन सावरले, तर मिश्रण विरळ होते हे सिद्ध झाले. आणखी गुदमरले, तर पेट्रोल जास्त होत आहे आणि शोध दुसरीकडे घ्यायला हवा. इतक्या थोड्या श्रमात इतके स्पष्ट उत्तर देणारी दुसरी चाचणी नाही. गॅरेजमध्ये ती फारशी वापरली जात नाही, कारण ती रस्त्यावर, भार असतानाच करता येते.

मग प्रवाह मोजावा. काम मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर आणि विस्तवापासून दूर करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, जमिनीलगत पसरते आणि उणे चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेऊ शकते. कार्बोरेटरकडचा पाइप काढून भांड्यात धरावा, कॉक उघडावा आणि मिनिटभरात किती पेट्रोल येते ते पाहावे. धार सलग हवी. सपाट रस्त्याची गरज 20 मिलिलिटर असली, तरी चढाची गरज धरून त्याच्या पाच-सहा पट तरी पेट्रोल सहज आले पाहिजे. हीच मोजणी झाकण उघडे ठेवून, झाकण बंद करून आणि रिझर्व्हवर अशी तीनदा करावी. झाकण बंद असताना धार मंदावली तर दोष छिद्राचा. तिन्ही वेळा मंद असली तर कॉक आणि जाळी भरलेली. फक्त रिझर्व्हवर मंद किंवा गढूळ असली तर गाळ तळाशी. धार तिन्ही वेळा चांगली असेल, तर अडथळा पुढे, कार्बोरेटरमध्ये आहे.

यानंतर वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून आतले पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्यावे. दुसऱ्या बाटलीत टाकीच्या तळाचे पेट्रोल घ्यावे. दोन्ही बाटल्या अर्धा तास सावलीत, न हलवता ठेवाव्यात. तळाशी वेगळा थर किंवा लोळणारे थेंब दिसले तर ते पाणी. थर ओळखू येत नसेल तर शाईचा एक थेंब टाकावा. शाई पाण्याच्या थरात उतरून त्याला रंगवते. तांबूस पूड म्हणजे गंज. गडद पिवळे, वार्निशसारख्या आंबूस वासाचे पेट्रोल शिळे असते. टाकीच्या बाटलीत घाण आणि वाटीच्या बाटलीत स्वच्छता असेल, तर जाळी काम करते आहे, पण किती दिवस करील याची शाश्वती नाही. उलट टाकी स्वच्छ आणि वाटी घाण असेल, तर ती जुन्या काळची साठवण असते आणि कार्बोरेटर धुऊन भागते.

इथेनॉलचा अंदाज घ्यायचा असेल तर शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात दहा मिलिलिटर पाणी आणि नव्वद मिलिलिटर पेट्रोल घेऊन हलवावे आणि थर स्थिर होऊ द्यावेत. पाण्यात इथेनॉल उतरते आणि खालचा थर फुगतो. वीस टक्के मिश्रणात तो सुमारे 28 मिलिलिटरपर्यंत जातो. टाकीच्या वरच्या भागातल्या पेट्रोलमध्ये तो फारसा वाढला नाही, तर तिथले इथेनॉल आधीच तळाशी गेले आहे असे धरावे.

शेवटी प्लग. तापल्याचा पुरावा इथे उमटलेला असतो. गाडी काही अंतर जोरात चालवून, क्लच दाबून इंजिन लगेच बंद करावे आणि ते निवल्यावर प्लग काढावा. चिनी मातीचा भाग पांढराफटक, कोरडा, त्यावर फोड आले असतील तर इंजिन विरळ मिश्रणावर भाजले आहे. हलका तपकिरी रंग ठीक. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. हल्लीच्या इंधनात प्लग एरवीही फिकट राहतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून निकाल देऊ नये. पण पांढऱ्या भागावर राखी, चमकदार बारीक कण चिकटलेले दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम असते. तिथून पुढे गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आले. या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि सुमारे तीन बार दाबाने पेट्रोल ढकलतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण विरळ झाल्याचे ओळखून इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवायला लावतो, म्हणजे घाणीचा परिणाम बराच काळ झाकला जातो. ही सोय एका मर्यादेपर्यंतच चालते आणि पूर्ण जोरावर बहुधा सेन्सरचे ऐकले जात नाही. इशाऱ्याचा दिवा लागेपर्यंत पंपाची जाळी बरीच भरलेली असू शकते. अशा गाडीत बाटलीची चाचणी तशीच करावी; प्रवाहाऐवजी गेजने पेट्रोलचा दाब मोजून घ्यावा आणि तो जोर दिल्यावरही टिकतो का, ते पाहावे. हा पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, म्हणून सतत रिझर्व्हवर गाडी चालवण्याची सवय इथे दुप्पट महाग पडते.

दोष सापडल्यावर सफाई अर्धवट करू नये. नुसता कार्बोरेटर साफ करून टाकी तशीच ठेवली, तर काही दिवसांत तक्रार परत येते, आणि गॅरेजवाल्याच्या नावाने बोटे मोडली जातात. टाकी उतरवून पूर्ण रिकामी करावी. पाइप तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची रीत प्राणघातक आहे. घोटभर पेट्रोल फुफ्फुसात गेले तरी जिवावर बेतते. गंज काढायला फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्लाचे द्रावण वापरावे, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे, टाकी पूर्ण सुकवावी आणि लगेच पेट्रोल भरावे, कारण उघडा पत्रा काही तासांत पुन्हा गंजू लागतो. पत्र्याला भोके पडली असतील तर लेप देण्यापेक्षा टाकी बदलणे बरे. सुटलेल्या लेपाचे पापुद्रे गंजापेक्षा वाईट रीतीने वाट तुंबवतात. जेट कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करावेत. तार घालून भोक मोकळे करणे हा जेटचा नाश आहे. पाइपमध्ये जास्तीचा फिल्टर बसवण्याचा मोहही आवरावा. टाकीतून आपोआप उतरणाऱ्या पेट्रोलला फार बारीक फिल्टर स्वतःच अडथळा होतो. भेसळ किंवा दीर्घ ताप झाला असेल तर ऑइल बदलावे आणि कॉम्प्रेशन मोजून घ्यावे.

पेट्रोलवरच संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि पंपचालकाने कागद मोफत द्यायचा असतो. नोझलचे तोंड पुसून कागदावर एक थेंब टाकावा. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते, रॉकेल किंवा डिझेल असेल तर डाग राहतो. घनताही मोजून मागता येते; नोंदलेल्या आकड्यापेक्षा घनमीटरमागे तीन किलोहून जास्त फरक असता कामा नये. हलक्या द्रावकांची भेसळ मात्र कागदावर डाग ठेवत नाही, म्हणून दोन्ही चाचण्या कराव्यात. पावती, बाटलीतला नमुना आणि गॅरेजची लेखी नोंद जपून ठेवावी. तेल कंपनी, जिल्हा पुरवठा कार्यालय किंवा ग्राहक आयोग यांच्याकडे त्याखेरीज तक्रार उभी राहत नाही.

सफाईनंतर पन्नासेक किलोमीटर गाडी चालवून, एखादा चढ घेऊन, वाटीतले पेट्रोल पुन्हा बाटलीत काढावे. टाकीच्या कोपऱ्यांत राहिलेला गाळ या पहिल्या फेरीतच खाली येतो. दुसऱ्या बाटलीच्या तळाशीही काही दिसले, तर टाकी पुन्हा उतरवावी लागते.